साखळी-दालनाचा दरवाजा

निसर्गातील युरेनियमात विखंडनक्षम युरेनियम-२३५चा अंश एक टक्काही नसतो. तो वीजकेंद्रासाठी तीन ते पाच टक्क्यांपर्यंत आणि अण्वस्त्रासाठी नव्वदीच्या घरात चढवावा लागतो. आणि ही दोन्ही कामे सेंट्रिफ्यूज यंत्रांच्या त्याच साखळ्यांवर होऊ शकत असल्यामुळे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासनिसांपुढे या कारखान्यांइतका बिकट प्रश्न क्वचितच उभा राहिला असेल.

४ मार्च १९७० रोजी ब्रिटन, नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनी यांनी अल्मेलो येथे या तंत्राच्या संयुक्त उद्योगाचा करारनामा केला, आणि दुसऱ्याच दिवशी अण्वस्त्रप्रसारबंदी करार अमलात आला. यंत्राची रचना बाहेर फुटणे हाच प्रसाराचा धोका असल्याने कारखानदारांना साखळी-दालनात परक्या माणसाचा प्रवेश नको होता. तपासनिसाने बाहेर राहून युरेनियम हेक्झाफ्लोराइडची सिलिंडरे तोलावीत, मोहोरा पाहाव्यात, दप्तरातील जमाखर्च ताडून पाहावा, एवढीच मुभा त्याला राहिली असती. आणि दप्तरात न चढवलेला माल आतल्या आत नव्वदीपर्यंत नेला गेला, तर बिनचूक जुळणारा ताळेबंदही निरुपयोगी ठरला असता. हा पेच सोडवण्यासाठी १९८० ते १९८३ या काळात सहा राष्ट्रे संस्थेसह विचारविनिमयास बसली, आणि तपासनिसाने पूर्वसूचनेवाचून मागणी करताच दोन तासांच्या आत दालन उघडावे, असे ठरले. ही मुदत मला अत्यंत विचारपूर्वक योजलेली वाटते: गोपनीय भाग झाकण्यास ती पुरते, नळ्यांची जोडणी फिरवून पुन्हा पूर्ववत करण्यास पुरत नाही.

खेदाची गोष्ट अशी, की ज्या गुपितासाठी एवढी दक्षता घेतली, ते तपासनिसाकडून फुटलेच नाही; डच भागीदाराच्या एका सहायक प्रयोगशाळेत नोकरीस असलेले अब्दुल कादीर खान १९७५ सालीच त्याचे आराखडे घेऊन पाकिस्तानात परतले होते.

पुढे कापडाच्या चौकोनी तुकड्याने यंत्रांवरची व भिंतींवरची धूळ पुसून, तिच्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची समृद्धी मोजण्याची रीत रूढ झाली. २००३ साली इराणमधील नतान्झ येथे अशा पुसणीत अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले. यंत्रभाग परदेशातून आले तेव्हाच ते दूषित होते, असा खुलासा इराणने केला. २००५ साली पाकिस्तानने आपल्या सेंट्रिफ्यूजचे भाग तुलनेसाठी संस्थेच्या हवाली केले, आणि त्यांच्या पृथक्करणाने बहुतेक कणांपुरता त्या खुलाशाला आधार दिला.