फौजेचा पगार आणि रयतेची जमीन

हैदराबाद राज्याच्या इतिहासात एक विलक्षण योगायोग आढळतो. परकीय फौजेच्या खर्चापोटी या दरबारास आपला सुपीक मुलूख एकाहून अधिक वेळा तोडून द्यावा लागला. १७५३ साली सलाबतजंगाने उत्तर सरकार हा किनारपट्टीचा प्रदेश फ्रेंच सेनानी बुसी यास दिला. बरोबर शंभर वर्षांनी, १८५३ च्या तहान्वये, वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन झाले. निमित्त दोन्ही वेळी एकच. शेतीविषयीचे धोरण मात्र अगदी निराळे.

बुसीस पैसा हवा होता, आणि तोही सत्वर. त्याने राजमहेंद्री व चिकाकोल हे विभाग विजयनगरमच्या विजयराम राजांस मक्त्याने लावून दिले. वसुलीचा भार जमीनदारावर. फ्रेंचांचा संबंध हप्त्यापुरता. १७५८ साली बुसीस परत बोलावण्यात आले, पुढील वर्षी मच्छलीपट्टण इंग्रजांनी जिंकले, आणि तो अंमल तेथेच संपला.

वऱ्हाडात इंग्रज थेट बांधापर्यंत पोहोचले. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यातून सुरू केलेली मोजणीची पद्धत त्यांनी १८६१ पासून येथे लागू केली. जमीन मोजावी, मातीचा मगदूर पाहावा, आणि सर्वे नंबरागणिक आकार ठरवून तो तीस वर्षे कायम ठेवावा, अशी ती पद्धत होय. खातेदारास आपला हक्क कागदावर दिसू लागला, ही जमेची बाजू. परंतु तोच हक्क गहाण पडू लागला व विकलाही जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास भाव चढला; १८७० साली खामगावास आगगाडी पोहोचली. कापसाचे शेत वाढले, त्याबरोबर सावकाराची वहीही वाढली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने या भरभराटीचा पाया किती कच्चा होता ते दाखवून दिले.

यावरून फ्रेंच बेपर्वा व इंग्रज रयतेचे कैवारी, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. उत्तर सरकार हाती आल्यावर इंग्रजांनीही १८०२ पासून तेथे जमीनदारांशीच कायमधारा ठरविला. राज्यकर्त्याची गरज जशी, तशी त्याची शेतीनीती, हेच खरे.

या दोहोंहून वेगळा धडा हैदराबाद राज्यातच मिळतो. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी इजाऱ्याची पद्धत मोडीत काढली, १८६५ साली जिल्हाबंदी केली व वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे सोपविली. नळदुर्ग व रायचूर दुआब १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मात्र परतले नाही. १९०२ साली ते सालिना पंचवीस लाखांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले.

देवस्थानांच्या इनामजमिनींचा इतिहासही याच घडामोडींत गुंफलेला आहे. जुनी सनद दात्याची श्रद्धा सांगते, तर मोजणीचा कागद त्या जमिनीची हद्द व आकार सांगतो. दोहोंपैकी एक गहाळ झाला, तर देवाच्या दिवाबत्तीची कथा अपुरी राहते. म्हणून विश्वस्तांनी ही दप्तरे लावून, त्यांच्या नकला करून ठेवणे, हे पूजेइतकेच पवित्र कर्तव्य होय.