भाड्याच्या खोलींतील ओटा

इतिहास म्हटला कीं डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. शाळेंत आम्हीं तोच शिकविला, व तो शिकविणें अवश्यहि होतें. परंतु ज्या जागीं गृहिणीचा अर्धा दिवस जातो, त्या स्वयंपाकाच्या ओट्यालाहि स्वतःचा इतिहास आहे. आणि त्याचा बराचसा भाग बंगल्यांत नव्हे, तर भाड्याच्या लहान खोल्यांतून घडला आहे. एखादी लहान जागा भाड्यानें देण्याजोगी करूं पाहणाऱ्या मालकापुढें आजहि हा प्रश्न येतोच, कीं ओट्यास कोणता दगड घातला असतां खर्च आवांक्यांत राहील? त्याचें उत्तर दुकानांत शोधण्यापूर्वीं थोडें मागें वळून पाहणें उपयुक्त होईल.

आपल्या जुन्या घरांना ओटा होता, पण तो घराबाहेर, बसण्याउठण्यासाठीं. स्वयंपाक चाले तो जमिनीवर. चूल जमिनीलगत, शेजारीं पाटा-वरवंटा आणि विळी, आणि पाटावर बसलेली गृहिणी. ही रीत केवळ रूढीची नव्हती. लांकडें पुढेंमागें सारणें, फुंकणीनें विस्तव फुलविणें, निखाऱ्यावर भाकरी शेकणें, हीं कामें बसूनच नीट होतात. विळी तर पायाखालीं दाबून धरल्यावांचून चालतच नाहीं. तात्पर्य, इंधन आणि हत्यारें जशीं होतीं, तशी बैठक होती.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीचा प्रश्न सरकारला टाळतां येईना. १८९८ त इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० त डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें, आणि त्यानें नायगांव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत स्वयंपाक, जेवण, निजणें, मुलांचा अभ्यास, आजारपण आणि आलागेला पाहुणा! अशा खोलींत स्वयंपाकासाठीं निराळी जागा राखणें दूरच राहिलें. भिंतीलगतची जमीन हेंच स्वयंपाकघर. जेवणें आटोपून ती पुसून घेतली कीं तेथेंच अंथरुणें पडत.

मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि वाड्यांत या जमिनीला पुष्कळदां फरशी असे ती शहाबादी. ती इतक्या दुरून कां आली, हें पाहण्यासारखें आहे. आपल्या पायाखालीं काळा दगड अमाप आहे. आपले किल्ले, नदीचे घाट आणि घरचीं जातीं त्याचींच. परंतु तो लाव्हारस थिजून झालेला. त्याचे पातळ, सपाट तक्ते सहजासहजीं निघत नाहींत. ते टांकीनें घडवावे लागतात, आणि टांकीची मजुरी लहान घराला झेपत नाहीं. याउलट भीमेच्या खोऱ्यांतील शहाबादचा दगड आणि आंध्रांतील कडप्पा-कर्नूलकडचा काळसर दगड, हे दोन्ही चुनखडीचे. प्राचीन समुद्राच्या तळाशीं थरावर थर सांचून ते बनले, म्हणून खाणींतच ते थराथरानें उकलतात. निसर्गानें फरशी अगोदरच पाडून ठेवलेली. माणसानें ती उचलून आणावयाची. तें काम आगगाडीनें केलें. १८६३ त बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला, आणि १८७१ त मुंबईकडील मार्ग रायचूर येथें मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. शहाबाद आणि कडप्पा हीं दोन्ही गांवें याच वाटेवरचीं.

जमिनीवरची फरशी कमरेइतकी उंच चढली, ती मुख्यतः इंधन बदलल्यामुळें. स्वीडनमध्यें १८९२ त निघालेल्या प्रायमस स्टोव्हला फुंकणी लागत नसे, आणि तो कोठेंहि उचलून ठेवतां येई. १९५५ च्या सुमारास मुंबईंत बर्मा-शेल कंपनीनें सिलिंडरमधील गॅस विकण्यास आरंभ केला. १९६५ त कलकत्त्यास इंडेन सुरू झाला. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळला तर खालीं सांचतो. म्हणून शेगडी सिलिंडरहून उंच जागीं ठेवावी, असा दंडक पडला. जागा उंच हवी आणि ती पेट घेणारी नको, म्हणजे दगडाची हवी. अशा रीतीनें उभा ओटा हा हौसेचा विषय न राहतां गरजेचा झाला.

पण तो बांधावयाचा कोणीं? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलीं होतीं. भाडें वाढणार नसेल, तर मालक दगडावर पैसा कां घालील? दुसरीकडे, भाडेकरूनें लेखी संमतीवांचून कायम स्वरूपाचें बांधकाम केल्यास जागा परत मागण्याचा अधिकार त्याच कायद्यानें मालकास दिला होता. मालकास उत्साह नाहीं आणि भाडेकरूस धास्ती, अशा पेचांत कडप्प्याचा साधा ओटा सोयीचा होता. दोन उभ्या फरश्या, त्यांवर एक आडवी. खर्च थोडा, आणि प्रसंग पडल्यास काढून नेतां येण्याजोगा. पुढें १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा हें कायम बांधकाम समजूं नये, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. जेथें नगरपालिकेची परवानगी लागते तेथें ती घ्यावी, एवढीच अट. श्रोतेहो, लढायांच्या इतिहासांत अशी ओळ सांपडावयाची नाहीं. परंतु कित्येक घरांतील पाठदुखीचा निकाल अशा ओळींनींच लागत असतो.

आतां दगडाकडे वळूं. कडप्पा स्वस्त खरा, पण त्याचें उणें त्याच्या जन्मांतच आहे. चुनखडीवर आम्लाचा थेंब पडला कीं ती फसफसते. लिंबू, चिंच वा कोकम सांडलें असतां कडप्प्याचें तेंच होतें, फक्त सावकाश. झिलई जाते, पांढुरके डाग उमटतात, आणि गृहिणी खोबरेल चोळून त्याचें काळेपण परत आणूं पाहते. शिवाय हा थरांचा दगड लांबवर अधांतरीं राहिला तर तडकतो. ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटांत थिजलेला, म्हणून लिंबू-चिंचेला तो दाद देत नाहीं. हिऱ्याच्या पात्यांनीं कापण्याचीं यंत्रें प्रचारांत आल्यावर, गेल्या शतकाच्या अखेरीअखेरीस, तो मध्यम स्थितीच्या घरांत शिरला. गंमत अशी कीं बाजारांत काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा दगड भूशास्त्रज्ञांच्या मतें बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा भाऊबंदच!

तेव्हां लहान भाड्याच्या जागेसाठीं मध्यम मार्ग हा, कीं उभे पाय आणि खालच्या फळ्या कडप्प्याच्या कराव्या, दर दोन-अडीच फुटांवर आधार द्यावा, आणि जेथें चिरणें, मळणें, सांडणें होतें तो वरचा तक्ताच तेवढा ग्रॅनाइटचा घालावा. मात्र एक गोष्ट दगडाहून महत्त्वाची आहे. ओटा चार इंच ठेंगणा बांधला काय आणि योग्य उंचीचा बांधला काय, खर्च जवळजवळ तेवढाच येतो. उभें राहून हात कोपरांत दुमडावा, आणि कोपरापासून चार बोटें खालीं ओट्याची पातळी धरावी. मालकानें दगडांत वांचविलेले रुपये हिशेबाच्या वहींत दिसतात. वाकून काम करणाऱ्या स्त्रीनें भरलेली किंमत तेथें दिसत नाहीं. भाडेकरू येतात आणि जातात, ओटा मात्र वीस-पंचवीस वर्षें तोच राहतो. म्हणून गंवड्यास माप सांगण्यापूर्वीं आपल्याच घरांतील एखाद्या स्त्रीला त्या भिंतीपाशीं उभें करावें, आणि रेघ तिच्या हातानें ओढून घ्यावी.