ज्याचा अनुभव त्यालाच ठाऊक

एवढं म्हणून आपण सहसा थांबतो. विज्ञान मात्र तिथे थांबलेलं नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने निपचित पडलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवलं. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. तिला सांगितलं, ‘टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर.’ हालचालींची आखणी करणारा मेंदूचा भाग लगेच सक्रिय झाला. ‘घरातल्या खोल्यांमधून फिर’ म्हटल्यावर वेगळे भाग जागे झाले, अगदी निरोगी माणसांत होतात तसे.

शब्द ऐकून मेंदू आपोआपच चाळवला असेल, असा आक्षेप आला. तो टिकणं कठीण आहे, कारण ती सक्रियता ३० सेकंद, थांबायला सांगेपर्यंत, टिकून होती.

पुढे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका रुग्णाने टेनिस म्हणजे ‘हो’ आणि घर म्हणजे ‘नाही’ या खुणेने सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली!

मनातल्या मनात खेळताना त्या तरुणीला कसं वाटत होतं, हे अर्थात कुठलंच यंत्र दाखवत नाही. मेंदूच्या हालचालींतून असं काही वाटणं मुळात उपजतं तरी का, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये ‘अवघड’ म्हटलेला प्रश्न. तो अजून सुटलेला नाही. पण अनुभव आहे की नाही, याचा माग काढता येतो. २०२४ च्या एका अभ्यासात सूचनांना बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने प्रतिसाद दिला. अशा रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांनी, तो ऐकतो आहे असं धरूनच बोलावं.