चीवराचा हिशेब

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या भिक्खूंच्या अंगावरचे एकही वस्त्र आज उरलेले नाही. पण त्या वस्त्रांच्या खर्चाची तजवीज लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली आहे.

सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षातला एक लेख घ्या. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने आईवडिलांच्या पुण्यार्थ येथे लेणे खोदवले, संघाकडे 200 कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली आणि मंगलठाण गावातले शेत दिले. मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे. अक्षयनीवीत मुद्दलाला हात लावायचा नसतो, खर्च फक्त व्याजातून. या दानातून भिक्खूला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, 16 कार्षापण मिळावेत, असे लेख सांगतो.

व्यवहार कसा चाले, हे नाशिकच्या पांडवलेण्यांवरून उलगडते. राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनेकडे, 2000 कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवराचे मिळणार होते. हिशेब चोख जुळतो: वर्षाचे व्याज 240 आणि 20 गुणिले 12 हेही 240. हा करार नगराच्या सभेत वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. भिक्खूंच्या वस्त्राचा पैसा कापड विणणाऱ्यांच्याच हाती खेळत होता. कान्हेरीच्या 200 कार्षापणांना हाच दर लावला तर वर्षाला 24 येतात. त्यातून एका चीवराचे 16 भागतात, दुसऱ्याचे भागत नाहीत. म्हणजे हे दान बहुधा एका भिक्खूपुरतेच योजलेले असावे.

वर्षावासाशी चीवराची सांगड विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतच आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात आणि हा वर्षावास संपला की कठिन चीवरदानाचा विधी होतो. त्यात कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करायचे असते. मगधातल्या शेतांच्या बांधांसारखे चीवर तुकड्यांचे असावे, अशी सूचना बुद्धांनी शिष्य आनंदाला केल्याचे विनयातल्या महावग्गात आहे. तुकडे केलेल्या कापडाला बाजारात भाव राहत नाही, चोरालाही त्याचा मोह होत नाही. किंमत मोजून आणलेले वस्त्र विधीपूर्वक बिनमोलाचे करायचे, हा त्यागाचा अर्थ.

कान्हेरीच्या या लेखांच्या काही शतके आधी अथेन्समध्ये वस्त्राला उलटा अर्थ होता. पॅनाथेनाइया उत्सवात अथेना देवीला नव्याने विणलेले पेप्लॉस हे वस्त्र अर्पण होई. त्यावर देव आणि राक्षसांचे युद्ध विणलेले असे. इ.स.पू. 458 मध्ये रंगमंचावर आलेल्या एस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ या नाटकात क्लायटेम्नेस्ट्रा विजयी नवऱ्यापुढे जांभळी मोलाची वस्त्रे अंथरते. ती तुडवत तो घरात शिरतो आणि वस्त्राच्याच वेढ्यात अडकून मारला जातो. तिथे मौल्यवान कापड माणसाच्या उन्मादाची खूण ठरते. कान्हेरीत त्याचे मोल आधीच कात्रीने संपवलेले असते.

कान्हेरीतली चीवरदानाची ही व्यवस्था अल्पायुषी नव्हती. शके 765, म्हणजे इ.स. 843 च्या सुमाराच्या तिथल्याच शिलाहारकालीन लेखात एका अमात्याचे दान आहे: बुद्धपूजेसाठी 20 द्रम्म, विहाराच्या डागडुजीसाठी 3, चीवरांसाठी 5 आणि ग्रंथांसाठी 1. एकूण 29 पैकी 5, साधारण सहावा हिस्सा. त्याच शतकात थेट गौड देशातून, म्हणजे बंगालमधून, आलेल्या अविघ्नाकराने 100 द्रम्म ठेवले, त्यातही भिक्खूंच्या वस्त्रांची सोय होती.

कान्हेरीच्या या पहिल्या आणि शेवटच्या नोंदींत सुमारे साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे. राजघराणी बदलली, कार्षापणाच्या जागी द्रम्म आला, चीवराची तरतूद टिकली. भिक्खूंच्या त्यागामागे व्यापाऱ्याचे मुद्दल, विणकराचा माग आणि मागाठाण्याचे शेत उभे होते, हे कान्हेरीचे दगड सांगतात. तिसऱ्या लेण्यातल्या भव्य बुद्धमूर्ती पाहून झाल्या, की भिंतींवरची ही अक्षरेही शोधून पाहावीत.