खुद्री, गळ आणि राखलेला डोह

गळ टाकून बसणं हा आपल्याकडं कधी मानाचा उद्योग नव्हता. जाळं टाकणारा भोई हा कामाचा माणूस, पण काठी घेऊन दिवसभर काठावर बसणारा रिकामटेकडा. आमच्या मुठा खोऱ्यात अशा माणसाला म्हातारी माणसं विचारायची, "का रं, घरची कामं संपली व्हय?" मराठीत 'गळाला लागणे' म्हटलं की फसणं आलं. त्यात कौतुक कुठंच नाही. त्यामुळं गळाची मासेमारी ही हौस म्हणून साहेबानं आणली, असं पुष्कळांना वाटतं. पण ते खरं नाही.

बाराव्या शतकात, साधारण 1130 च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरगा-निलंग्याहून फार लांब नाही. राजानं कोणकोणत्या गोष्टींत मन रमवावं, हे सांगताना त्यात कुस्ती आली, शिकार आली, आणि मत्स्यविनोदही आला. समुद्रातले मासे कुठले, नदीतले कुठले, खवल्यांचे कुठले, बिनखवल्यांचे कुठले, कोणाला कसलं खाणं आवडतं, ठरावीक जागी रोज चारा टाकून मासा कसा लावून घ्यावा, दोरी कशी वळावी, काठी कशी असावी, हे सगळं त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा अभ्यासकांचं तिकडं लक्ष गेलं. म्हणजे गळाची हौस आपल्या मातीत आठ-नऊशे वर्षं जुनी आहे. राजवाड्यातली ती हौस पुढं विसरली गेली, आणि गावात मात्र गळ पोटासाठी उरला.

पुण्याच्या माशांचा लिखित इतिहास सुरू होतो तो विल्यम हेन्री साइक्स या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यापासून. 1824 साली मुंबई सरकारनं त्याला दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. माणसं, पिकं, पाऊस, पक्षी, मासे, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. 1831 ला तो विलायतेला परतला आणि 1839 साली त्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनच्या प्राणिशास्त्र सभेच्या कामकाजात छापली. मला या माणसाचं एक आवडतं. नव्या माशाला नाव देताना त्यानं पुष्कळदा काठावरच्या माणसाची जीभ वापरली. शिंगाळ्याला त्यानं 'सीनघाला' केलं. नाकावर खोल खाच असलेल्या माशाला 'नुक्टा' म्हटलं, म्हणजे आपला नकटाच की. कोळशी, बोगट, मळ्या ही नावंसुद्धा त्यानं अशीच लॅटिनच्या शेपटीला बांधली. ज्या भोयानं किंवा कोळ्यानं ही नावं सांगितली त्याचं नाव कागदावर नाही, पण त्याचा शब्द आज जगातल्या प्रत्येक मत्स्यसंग्रहालयात आहे.

याच यादीत एक नाव आहे खुद्री. आज ज्याला दख्खनचा महसीर म्हणतात तो हा मासा. शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. साइक्सनं त्याचा नमुना घेतला तो मुळा-मुठेतून, पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर. म्हणजे आजच्या मांजरीच्या अंगाला म्हणा. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणं ज्या पाण्यातून पहिला नमुना घेतला ते त्या जातीचं मूळ ठिकाण. तेव्हा जगात कुठंही खुद्रीचं नाव निघालं, तरी तिचा सातबारा पुण्याचाच.

हा मासा हौशी गळवाल्यांना वेड लावतो. अंगावर तळहाताएवढे खवले, जाड मांसल ओठ, आणि तोंडात दात नाहीत. दात आहेत ते घशात. खेकडा, शिंपला तो त्या घशातल्या दातांनी फोडतो. काठावरचं उंबर, जांभूळ पाण्यात पडलं की वर येऊन गिळतो. आमच्याकडं म्हणूनच उंबराखाली गळ टाकायची रीत होती. गळाला लागला की तो वर उसळी घेत नाही. सरळ धारेच्या जोरानं खाली पळतो आणि दगडाच्या कपारीत शिरतो. हेन्री सलिव्हन थॉमस हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी. त्यानं 1873 साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात महसीरला मानाचं पान आहे. मग साहेबलोक चिरलेल्या बांबूच्या जोडकाठ्या, पितळी रिळं आणि चकाकणारे चमच्यासारखे गळ घेऊन नद्यांवर जाऊ लागले.

आमचं सामान काय होतं? कळकाची सरळ काठी, मेणानं घोळलेला दोरा, बाजारातून आणलेला लोखंडी गळ, आणि मासा ओढतोय हे कळायला मोराच्या पिसाचं देठ. पुढं नायलॉनची तंगूस आली आणि दोरा मागं पडला. आमिषाला गांडूळ, कणकेचा गोळा, नाहीतर उंबर. रीळ नव्हतं, म्हणून मोठा मासा लागला की माणूसच त्याच्याबरोबर काठानं पळायचा.

पण सामानापेक्षा मला नियमांबद्दल सांगायचंय. साहेबाच्या पुस्तकात नियम होते, तसे गावातही होते, फक्त ते लिहिलेले नव्हते. मृगाचा पाऊस पडून ओढ्यांना पाणी आलं की गाबोळी भरलेले मासे वर चढतात. हे चढणीचे मासे. सगळा मावळ-मुळशी त्या रात्री कंदील घेऊन ओढ्यावर असायचा, खोटं कशाला बोलू? पण आमचा आजा दोन गोष्टी पाळायचा. ओढ्याचं तोंड पूर्ण बांधायचं नाही, एक धार मोकळी ठेवायची. आणि पोटाशी फुगलेली मोठी मादी हाताला लागली की परत सोडायची. "अरं, हिच्या पोटात पुढच्या सालचं कालवण हाय," एवढंच म्हणायचा. दुसरा नियम डोहाचा. देवाच्या नावानं एक डोह राखलेला असायचा. तिथं जाळं नाही, गळ नाही, काही नाही. उन्हाळ्यात नदी आटली की सगळे मासे त्या डोहात येऊन तग धरायचे आणि पावसात पुन्हा पसरायचे.

ही रीत सगळीकडं होती. इंद्रायणीकाठी देहू-आळंदीला माशांना चुरमुरे घालतात, मारत नाहीत. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत वरदायिनीचे 'देवमासे' आहेत, तेही महसीरच. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरालाही तसेच. आज ज्याला राखीव क्षेत्र म्हणतात ते आपल्या बायाबापड्यांनी देवाच्या नावावर आधीच करून ठेवलेलं होतं.

नियम मोडले ते दोन बाजूंनी. एक बाजू बंधाऱ्यांची. 1850 साली पुण्यात जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून नदीवर बांध झाला, 1870 च्या दशकात खडकवासल्याचं धरण उभं राहिलं, मग मुळशी, पानशेत, वरसगाव. शहराला पाणी मिळालं, शेतीला मिळालं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण वर चढून अंडी घालणाऱ्या माशाला भिंत चढता येत नाही. दुसरी बाजू सुरुंगाची. धरणांच्या, रस्त्यांच्या कामावर सुरुंगाची दारू आली आणि तिथून ती नदीतही गेली. त्याआधी लोक गेळफळ कुटून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. सुरुंगानं मात्र बोटभर पिल्लापासून सगळं एका दमात संपतं. यावर कायदा आहे आणि तो फार जुना आहे. 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानं पाण्यात स्फोटक लावणं आणि विष कालवणं गुन्हा ठरवला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हा दोनशे रुपयांत बैलजोडी आली असती. पुढं दोनशेची जरब काय राहणार?

नंतर महाराष्ट्राचा स्वतःचा 1960 चा मत्स्य कायदा झाला. पण आमच्या खोऱ्यात कुणी पोराला कायद्याचं भय घातलेलं मला आठवत नाही. भय होतं ते डोहाच्या देवाचं. देवाचं भय गेलं आणि कायद्याचं आलं नाही, या मधल्या फटीत मासा मेला.

मग गोष्टीला लोणावळ्यात वळण मिळालं. राज्याचे मत्स्यसंचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि टाटा वीज कंपनीचे मत्स्यतज्ज्ञ ओगले यांनी वळवणच्या तलावाकाठी महसीरची पैदास केली. 1970 च्या सुमारास खुद्रीच्या मादीची अंडी हातानं काढून, नराच्या शुक्राशी मिसळून, वाहत्या पाण्यात उबवण्यात कुलकर्ण्यांना यश आलं. पुढं या दोघांनी फळलेली अंडी ओल्या कापसात ठेवून विमानानं लांब पाठवण्याची युक्तीही काढली. पुण्याजवळच्या नद्यांतून हरवत चाललेला मासा असा लाखांनी वाढला. हे काम लहान नव्हतं, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे.

पण यातली खरी शिकवण पुढं आहे. लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथं गळवाल्यांची हौस मोठी होती आणि मासे कमी झाले होते. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता, पाठीवर वशिंड असलेला. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकानं काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा महसीर गळानं धरला होता, तो याच जातीचा. आपली खुद्री तिथं रुळली, वाढली. वशिंडवाला मात्र कमी कमी होत गेला. 2018 साली शास्त्रज्ञांनी त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' म्हणून पक्की केली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर होता. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणंही आहेतच. पण एका नदीचा मासा दुसरीत सोडला म्हणजे पुण्य झालं, असं नसतं. आजा पिल्लं सोडायचा, पण ज्या ओढ्यातली त्याच ओढ्यात.

इकडं पुण्यात उलटं झालं. 1942 साली फ्रेझरनं 'पुण्याचे मासे' अशी यादी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापली होती. 2003 साली पुण्यातल्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तर इथले काही मासे सापडेनात आणि परके वाढलेले. आज शहराच्या हद्दीत नदीकाठी सुट्टीच्या दिवशी पोरं काठ्या घेऊन बसतात, त्यांच्या गळाला बहुतेक चिलापी येते. ती 1952 साली आफ्रिकेची म्हणून देशात आली. आफ्रिकन मागूर पाळायला 2000 सालापासून बंदी आहे, तरी तोही अधूनमधून निघतो.

आता कार्बनच्या काठ्या आल्या, जपानी रिळं आली. मासा धरून, फोटो काढून सोडणारी तरुण मंडळी पवना, मुळशी, पानशेतच्या काठावर दिसतात. म्हातारी माणसं हसतात, "धरला तर खायचा, न्हाई तर धरायचा कशाला?" मला ही पोरं आवडतात. त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. धरणांच्या जलाशयातली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. तेव्हा त्या संस्थेला विचारा, तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, म्हणजे सोडताना माशाचा ओठ फाटत नाही. मासा ओल्या हातानं धरा आणि पाण्यातच ठेवा. तंगुशीचे तुकडे काठावर टाकू नका, पाखरांच्या पायात अडकतात. पहिल्या पावसात गाबोळीचे मासे चढत असताना गळ घरी ठेवा. आणि कुठला मासा कुठं सोडायचा हे ठरवण्याआधी तो तिथला आहे का, हे विचारा.

शेवटी हे सगळं त्या राखलेल्या डोहाइतकंच साधं आहे. आमच्या खोऱ्यातला डोह धरणाच्या पाण्याखाली गेला. पण दर गावानं आपल्या नदीतला एक कोंड, एक डोह ठरवावा आणि ग्रामसभेत ठराव करून तो बंद ठेवावा. देवाच्या नावानं करा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या. माशाला त्यानं काही फरक पडत नाही.