उघडी मोटार आणि डोक्यामागची कमान

आज एका लोखंडी नळीबद्दल बोलायचं आहे. उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये सीटच्या मागे उलट्या यू आकाराची एक कमान असते, तुम्ही फोटोत तरी पाहिली असेल. तिला रोलबार म्हणतात. गाडी उलटली तर भार तिनं पेलायचा आणि आत बसलेल्याचं डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. आता नळी वाकवायला काही मोठं विज्ञान लागत नाही. १९०० सालच्या सायकलच्या कारखान्यातसुद्धा ती वाकवता आली असती. मग फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर ती सक्तीची व्हायला १९६१ साल का उजाडावं लागलं? माझं म्हणणं असं की अडचण लोखंडाची नव्हतीच. अडचण एका समजुतीची होती.

समजूत अशी, की अपघातात गाडीबाहेर फेकलं गेलेलं बरं. ही वेडेपणाची समजूत होती असं कृपया समजू नका. त्या काळच्या गाडीत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरला जवळजवळ खेटून असायची. समोर स्टीअरिंगचा ताठ दांडा, थेट छातीच्या दिशेनं. आगीची भीती सगळ्यांत मोठी. अशा गाडीत स्वतःला बांधून घेणं म्हणजे चितेवर बांधून घेणं, असं चालकांना मनापासून वाटत होतं. शिवाय दाखले होतेच की! ३० सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियात जेम्स डीन या नटाची उघडी पोर्शे ५५० स्पायडर दुसऱ्या गाडीवर आदळली. डीन गेला. त्याच्या शेजारी बसलेला मेकॅनिक रोल्फ व्यूथरिख बाहेर फेकला गेला आणि जबर जखमी होऊन का होईना, वाचला. बघा, म्हणणाऱ्याला पुरावा मिळाला.

पण त्याच वर्षी जूनमध्ये ल माँच्या शर्यतीत पिएर लेव्हेघ उघड्या मर्सिडीजमधून फेकला गेला आणि ठार झाला. गाडीचे तुकडे गर्दीत घुसून ऐंशीहून अधिक प्रेक्षक दगावले, त्या आकांतात लेव्हेघ बाहेर फेकला जाऊन मेला याचा हिशेब कोण ठेवणार? तर्कशास्त्राच्या दृष्टीनं इथं मौज आहे. फेकला जाऊन वाचलेला माणूस पुढे वीस वर्षं आपली गोष्ट सांगत राहतो. फेकला जाऊन मेलेला काही सांगत नाही. त्यामुळे अनुभवाच्या नावाखाली जे जमा होतं, ते एका बाजूचंच असतं.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला एक हट्टी माणूस लागला. ह्यू डीहेवन. पहिल्या महायुद्धात वैमानिक होण्याचं शिक्षण घेत असताना विमानांची टक्कर झाली, त्यातून तो वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यानं देवावर सोडला नाही. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास त्यानं १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. काचसामान आपण पेटीत भरतो तेव्हा ते हलू नये असं भरतो, पेटी चेपू नये असं बघतो. माणसालाही तसंच ‘भरायला’ हवं, हा त्याचा विचार. पुढे पन्नासच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाच्या अपघात-संशोधनानं हजारो अपघात तपासले आणि गाडीबाहेर फेकलं जाणं हेच फार धोक्याचं, हे आकड्यांनी दाखवलं.

इथून रोलबारची गोष्ट खऱ्या अर्थानं सुरू होते. कारण बेल्ट आणि रोलबार ही जोडी आहे. नुसता बेल्ट असेल तर उघडी गाडी उलटल्यावर गाडीत सगळ्यांत उंच काय उरतं? काचेची चौकट आणि तुमचं डोकं. बेल्टनं तुम्हाला ताठ बसवून ठेवलंय आणि वरून गाडी! आणि नुसती कमान असेल तर ती शाबूत राहील, तुम्ही मात्र तिच्या आश्रयाला नसालच. म्हणजे उघड्या गाडीत बेल्ट नको म्हणणारे जुने चालक त्यांच्या गाडीपुरतं बरोबरच बोलत होते, हे आपण मान्य केलं पाहिजे.

नियम करणाऱ्यांना मात्र ही जोडी पटकन दिसली नाही. फॉर्म्युला वनमध्ये कमान १९६१ ला, पट्टे सक्तीचे झाले १९७२ ला. मधली अकरा वर्षं अर्धी व्यवस्था. त्या काळचे फोटो बघा, कित्येक गाड्यांत चालकाचं हेल्मेट कमानीच्या वर आलेलं दिसतं! कमान आहे, नियम पाळलाय, डोकं तेवढं बाहेर.

ल माँला तर सुरुवातच अशी, की चालकांनी रस्ता ओलांडून पळत यायचं, उडी मारून बसायचं आणि गाडी सोडायची. पट्टा लावायला वेळ कुणाला? १९६९ मध्ये जाकी इक्स पळालाच नाही. सावकाश चालत आला, पट्टा बांधला, सगळ्यांच्या शेवटी निघाला. त्याच पहिल्या फेरीत जॉन वूल्फ पट्टा न लावता गेला आणि गाडीतून फेकला जाऊन मरण पावला. त्याची पोर्शे टपाची होती, तरीही. चोवीस तासांनी शर्यत जिंकली इक्सनं. पुढच्या वर्षी पळत येण्याची प्रथा बंद.

रस्त्यावरच्या गाड्यांची कथा वेगळी, तिथं कायद्याची भीती आहे. अमेरिका उघड्या गाड्यांवर बंदी घालणार अशी हवा होती, म्हणून पोर्शेनं १९६५ मध्ये टार्गा दाखवली. जाड पोलादी कमान डोक्यामागे कायमची, तीच गाडीची शोभा. प्रत्यक्षात १९७२ मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयानं उलट म्हटलं, की उघड्या गाड्या आणि स्पोर्ट्स कार नाहीशा करण्याचा या कायद्याचा हेतू नव्हता. टपाच्या मजबुतीच्या नियमातून त्यांना सूट मिळाली. म्हणजे भीतीनं कमान आली, बंदी आलीच नाही. सूट मिळाली याचा दुसरा अर्थ असा, की उलटल्यावर काय, हा प्रश्न कायद्यानं मालकावर सोडला. मर्सिडीजनं १९८९ च्या एसएलमध्ये एक चतुर उत्तर काढलं. कमान सीटमागे निजलेली, गाडी उलटू लागली की सेकंदाच्या तीन दशांशात उभी राहते. पण सगळ्यांकडे एसएल नसते.

त्याच वर्षी आलेली माझदा एमएक्स-५ घ्या. छोटी, स्वस्त, मूळची कमान नाही. हौशी लोक ती ट्रॅकवर नेतात, आणि तिथले आयोजक बाहेरून बसवलेली कमान मागतात. तपासणी अगदी गावठी. झाडूचा दांडा घ्यायचा, एक टोक काचेच्या चौकटीवर, दुसरं कमानीवर. हेल्मेट घालून बसलेल्याचं डोकं दांड्याच्या खाली राहिलं तर पास. उंच माणूस हमखास अडकतो. कमान उंच करावी तर कापडी टप बंद होत नाही. मग सीटमधला फोम कापून माणसालाच खाली बसवतात.

शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमात मुख्य नळी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० व्यासाची आणि दोन जाडीची, बिनसांध्याच्या पोलादाची लागते. मागे दोन तिरके आधार हवेत, नाहीतर कमान आडवी होते. आणि पाय जिथं टेकतात तिथं गाडीच्या पत्र्याला किमान १२० चौरस सेंटिमीटरची जोडपट्टी. का? पातळ पत्र्यावर उभी केलेली मजबूत नळी पत्रा फाडून खाली जाते, खिळ्यासारखी. म्हणून नळीची जाडी विचारण्याआधी पाय कशावर आहेत ते विचारावं. बाजारात चकचकीत ‘स्टाइल बार’ मिळतात, आपल्याकडे मॉडिफाय केलेल्या उघड्या जीपवरही तशा नळ्या दिसतात. आधार नाहीत, पट्टी नाही, चार बोल्ट. माझ्या मते काहीच नसण्यापेक्षा हे वाईट. काही नसेल तर माणूस निदान जपून चालवतो.

अस्सल कमानीलाही मर्यादा असते. ३ जुलै २०२२ ला सिल्व्हरस्टोनला झोऊ ग्वान्यूची फॉर्म्युला वन गाडी उलटून घसरत गेली, तेव्हा चाचणीत पास झालेली कमान तुटून गेली. तो वाचला तो डोक्याभोवतीच्या ‘हेलो’ या कड्यामुळे. त्यानंतर कमानीचे नियम कडक केले गेले.

एक राहिलं. कमान बसवलेली गाडी आपण रस्त्यावरही चालवतो, आणि तेव्हा हेल्मेट नसतं. मागून धक्का बसला तर डोकं त्याच पोलादावर आपटतं, जे त्याला वाचवायला बसवलंय. त्यासाठी कमानीवर खास कठीण पॅडिंग लावतात. एसीच्या नळीवर गुंडाळतात तो मऊ काळा फोम लावलेला मी पाहिलाय. बोटानं दाबून बघा, नळी लगेच हाताला लागते.