संरक्षण की स्थानांतर? : एकाकी वृद्ध आणि इंग्लंडचा १९४८ चा कायदा

घरी एकटाच राहणारा, जरेने व व्याधीने खंगलेला, परंतु घर सोडण्यास राजी नसलेला वृद्ध शासनाच्या नजरेस आल्यास शासनाचे कर्तव्य कोणते? या प्रश्नाची इंग्लंडमध्ये कालपरत्वे निरनिराळी उत्तरे दिली गेली. १६०१ च्या दरिद्र-कायद्याने निराधारांचा भार पॅरिशवर टाकला. १८३४ नंतर पुष्कळ वृद्धांस घरी राहून तुटपुंजे साहाय्य मिळत असले, तरी वर्कहाउसची धास्ती सर्वांनाच होती. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरजूंस आठवड्यास कमाल ५ शिलिंग निवृत्तिवेतन देऊ केले. त्याने अन्नवस्त्राची चिंता काहीशी हलकी झाली; शुश्रूषेची मात्र झाली नाही.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने दरिद्र-कायदा संपुष्टात आणला. तथापि त्याच कायद्याचे ४७ वे कलम लक्षणीय आहे. व्यक्ती गंभीर जुनाट रोगाने ग्रस्त असेल किंवा वृद्ध वा विकल असून अस्वच्छ स्थितीत राहत असेल, आणि स्वतःची निगा राखू शकत नसेल व इतरांकडूनही ती राखली जात नसेल, तर आरोग्याधिकाऱ्याच्या दाखल्यावरून दंडाधिकारी न्यायालय तिला ३ महिन्यांपर्यंत रुग्णालयात वा अन्यत्र हलविण्याचा आदेश देऊ शके. ७ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक होती. १९५१ च्या दुरुस्तीने तातडीच्या प्रसंगी ती वगळून ३ आठवड्यांचा आदेश शक्य केला. आदेश रद्द करून घेण्याचा अर्ज मूळ कायद्यानुसार ६ आठवड्यांनंतरच करता येई. अर्थात तातडीच्या आदेशाविरुद्ध त्याचा काहीच उपयोग नव्हता.

या व्यवस्थेतील विसंगती उघड आहे. १९४६ च्या आरोग्यसेवा कायद्याने घरकामास मदतनीस देण्याची मुभा होती. परंतु वृद्धाच्या घरी जेवण स्वतः पोचविण्याचा सर्वसाधारण अधिकार स्थानिक संस्थांस १९६२ मध्ये मिळाला. तोवर त्यांना स्वयंसेवी संस्थांस अनुदान देऊनच भागवावे लागे. म्हणजे वृद्धास घराबाहेर काढण्याचा अधिकार आधी आला. त्याच्या दारी अन्न नेण्याचा अधिकार मागाहून आला.

२००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने, केवळ निर्णय अविचारी आहे एवढ्यावरून व्यक्तीस अक्षम मानू नये, हे तत्त्व नमूद केले. २०१४ च्या केअर अ‍ॅक्टने ४७ व्या कलमाचा अंमल इंग्लंडपुरता १ एप्रिल २०१५ पासून थांबविला आणि उपेक्षेचा धोका असलेल्या, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या गरजू प्रौढाविषयी चौकशी करणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. सक्तीची जागा अशा रीतीने चौकशीने घेतली. मात्र चौकशीपाठोपाठ घरी प्रत्यक्ष सेवा पोचली नाही, तर स्वातंत्र्याचा आदर आणि उपेक्षा यांतील भेद वृद्धाच्या दृष्टीने नाममात्रच उरतो.